एका हस्तलिखिताचे तीन खर्डे : टॉल्किनचे ऋण आणि झाडीपट्टीतला एक कादंबरीकार

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मोडणाऱ्या गोंदिया जिल्ह्याच्या आमगाव तालुक्यातील एका खेड्यात आमचे ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून मी त्याचे काम पाहतो. तेथे सुमारे चार वर्षे माझ्या डोळ्यांसमोर घडत गेलेल्या एका हस्तलिखिताची ही हकिकत आहे. लेखकाच्या संमतीने ती लिहीत आहे, परंतु त्याचे व गावाचे नाव येथे देणार नाही. तो आज सत्तावीस वर्षांचा आहे. घरी धानाची शेती आहे आणि तो स्वतः एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. त्याची कादंबरीही मिलमधून बाद झालेल्या जमाखर्चाच्या वह्यांमध्येच लिहिली गेली. जमा आणि नावे यांच्या मधली तांबडी रेघ ओलांडून त्याचे अक्षर पानभर पसरलेले असते, आणि पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या-काळ्या शाईने काढलेला, डोंगर, नद्या व किल्ले दाखवणारा एक नकाशा आहे.

पहिला खर्डा

शाळेत असताना या मुलाने आमच्या ग्रंथालयातून इंग्रज अद्भुतकथाकार टॉल्किनच्या ‘हॉबिट’चा मराठी अनुवाद नेला, आणि पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग आधी मराठीत व नंतर शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीत वाचले. त्या वाचनाने तो भारावून गेला होता. दोन वर्षांत त्याने सहा वह्या भरल्या. कथानक असे होते : एका हिरव्या खोऱ्यात ठेंगण्या, सुखवस्तू लोकांची वस्ती आहे, एके दिवशी तेथे एक वृद्ध जादूगार येतो आणि एका साध्यासुध्या तरुणाच्या हाती एक शापित कडे देतो, ते कडे दूरच्या अग्निकुंडात टाकले नाही तर सगळ्या जगावर काळोख पसरणार असतो, आणि सात काळे घोडेस्वार त्या तरुणाच्या मागावर निघतात. पात्रांची नावे एल्दोरिन, थारवन अशी होती.

मी त्या वह्या आवडीने वाचल्या. भाषा ओघवती होती, लढाया रंगल्या होत्या, आणि आमच्या भागातला एक मुलगा एवढे सलग लिहितो याचाच मला इतका आनंद झाला की जे बोलायला हवे होते ते मी बोललो नाही. उलट एका प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवण्याचा आग्रह मीच धरला. चार महिन्यांनी ते परत आले. सोबतच्या चिठ्ठीत दोनच वाक्ये होती : हे रूपांतर आहे, आणि मूळ लेखकाचा उल्लेख केलेला नाही. त्या चिठ्ठीत नवशिक्या लेखकाला दोन शब्द समजावून सांगण्याचे सौजन्य नव्हते, पण तिच्यातला निष्कर्ष चुकीचा नव्हता, हे मला मान्य करावे लागले. रूपांतर करणे ही मराठीत काही लाजेची गोष्ट नव्हे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांची केलेली रूपांतरे वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी डोक्यावर घेतली. मात्र आपण रूपांतर करीत आहोत हे दातारांना ठाऊक होते आणि आमच्या लेखकाला ते ठाऊक नव्हते. आपण नवे लिहीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि म्हणून ती चिठ्ठी त्याच्या जिव्हारी लागली.

दुसरा खर्डा

त्यानंतरच्या वर्षभरात त्याने सगळे पुन्हा लिहून काढले. खोरे गायखुरीच्या डोंगरांत आले, जादूगाराचा वैदू झाला, काळ्या घोड्यांच्या जागी काळे रेडे आले, अग्निकुंडाची जागा एका भुयाराने घेतली आणि नावे मराठी झाली. कडे मात्र कडेच राहिले. आता यात परके काही उरले नाही, असे तो म्हणाला. मला तो खर्डा पहिल्यापेक्षा कमी आवडला आणि या वेळी मी ते स्पष्ट सांगितले.

एक प्रसंग तेवढा सांगतो. टॉल्किनच्या कथेत नायक सर्व बाजूंनी कोंडला गेला की महागरुड येऊन त्याला उचलून नेतात. दुसऱ्या खर्ड्यात नेमक्या त्याच जागी, नेमक्या त्याच कामासाठी सारस येतो. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास. माणसाच्या उंचीचा हा पक्षी जोडीने राहतो आणि उभ्या धानात काड्यांचे मोठे घरटे रचतो. या मुलाच्या वडिलांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, एके वर्षी असे घरटे झाले, तेव्हा घरच्यांनी तेवढा तुकडा न कापता सोडून दिला होता. अंड्यांवर बसलेल्या मादीजवळ माणूस आला की नर पंख पसरून कसा उभा राहतो, हे त्याने वीस हातांवरून पाहिले आहे. त्यातले एक अक्षरही हस्तलिखितात उतरले नव्हते. तेथला सारस हा सारसाची पिसे लावलेला गरुड होता. पहिल्या खर्ड्यात निदान टॉल्किनवरचे प्रेम तरी उघड दिसत होते. दुसऱ्यात ते प्रेम लपवण्यासाठी आपल्या मुलखातल्या वस्तू पांघरुणासारख्या वापरल्या होत्या आणि सांगाडा होता तसाच होता. प्रभाव पुसण्याचा हा मार्ग फार जण धरतात. वरचे बदलले की आतले बदलले असे त्यांना वाटते, आणि त्यात आपल्या मातीचीच विटंबना होते, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा तो चिडून मला म्हणाला, “तं सर, टॉल्किननं दुसऱ्याचं घेतलन् तं चालते, आन् मी घेतलो तं नक्कल कायले होते?” प्रश्न रास्त होता. रागावून गप्प बसवण्यासारखा तो नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्याचे उत्तर शोधायचे ठरवले. त्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर दर रविवारी दुपारी आम्ही ग्रंथालयात बसू लागलो.

टॉल्किनने काय घेतले

घेतले ते थोडेथोडके नव्हते. ‘हॉबिट’मधील बुटक्यांची बहुतेक नावे ‘वोलुस्पा’ या प्राचीन नॉर्स काव्यातील यादीतून सरळ उचललेली आहेत. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतले. पहिल्या मसुद्यात ते बुटक्यांच्या म्होरक्याला दिलेले होते आणि जादूगाराचे नाव ब्लॅडॉर्थिन असे होते. अदलाबदल मागाहून झाली. त्या नावाची फोड केली तर ‘काठीवाला एल्फ’ असा काहीसा अर्थ निघतो. एल्फ म्हणजे उत्तर युरोपच्या दंतकथांतली एक अद्भुत जमात. बुटक्यांच्या यादीत एल्फ काय करतो, आणि त्याच्या हातात काठी का, असा प्रश्न पडणाऱ्या माणसालाच त्यातून काठी टेकत येणारा तो म्हातारा दिसू शकतो. आमच्या लेखकाला तो म्हातारा आयता मिळाला होता. त्यामागचा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

दुसरे उदाहरण आम्हांला अधिक उपयोगी पडले. १९१४ साली टॉल्किन बावीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्या लेखकाने पहिली वही उघडली तेव्हा तो होता साधारण तेवढाच, आणि ऑक्सफर्डला शिकत होता. त्या वर्षी कॉलेजात मिळालेल्या पाच पौंडांच्या बक्षिसातून त्याने विल्यम मॉरिस या इंग्रज लेखकाची पुस्तके विकत घेतली. ऑक्टोबरमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला त्याने कळवले की ‘कालेवाला’तील एक कथा आपण मॉरिसच्या अद्भुतकथांच्या धर्तीवर, मधून मधून पद्ये घालून लिहीत आहोत. ‘कालेवाला’ म्हणजे एलियास लोनरोट याने फिनलंड आणि करेलिया येथील गावोगावच्या गायकांकडून गोळा केलेल्या गीतांतून रचलेले महाकाव्य. त्याची पहिली आवृत्ती १८३५ ची आणि विस्तारित आवृत्ती १८४९ ची. म्हणजे कथा एकाची, घडण दुसऱ्याची, आणि दोन्ही गोष्टींचा उघड कबुलीजबाब लेखकाच्या स्वतःच्या हातचा. हे वाचून माझा विद्यार्थी खुर्चीत सावरून बसला. टॉल्किनचाही एक ‘पहिला खर्डा’ होता, हे त्याच्या कधी ध्यानात आले नव्हते.

त्या कथेचा नायक कुल्लेर्वो हा पोरका, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा आहे. अजाणता त्याचा आपल्याच बहिणीशी संबंध येतो, ती पाण्यात जीव देते, आणि शेवटी तो आपल्या तलवारीला विचारून तिच्यावर स्वतःला झोकून देतो. टॉल्किनची ती कथा अपुरीच राहिली. २०१५ साली ती पुस्तकरूपाने आली. परंतु तिच्यातूनच पुढे टॉल्किनच्या कल्पित जगातील तूरिन या वीराची शोकांतिका वाढत गेली. तिचे अनेक मसुदे झाले आणि सलग पुस्तक २००७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, मुलाने संपादून प्रसिद्ध केले. बहीण आहे, पाणी आहे, बोलणारी तलवारही आहे. मग नवे काय? फिनिश गीतात ही आपत्ती कुल्लेर्वोच्या वाट्याला येते आणि गीत पुढे जाते. टॉल्किन मात्र ती कोठून आली हे विचारत तेथेच थांबला. त्यातून जिंकलेल्या शत्रूने बापाच्या कुळाला दिलेला शाप आला, आणि भावाबहिणीची स्मृती व बुद्धी झाकोळून टाकणारा ड्रॅगन आला. तूरिनमध्ये सिगुर्ड, इडिपस आणि कुल्लेर्वो या तिघांचे अंश आहेत, हे टॉल्किनने स्वतः एका पत्रात लिहून ठेवले आहे. मूळ कथेत जेथे उत्तर नव्हते तेथे तो गेला आणि त्या रिकाम्या जागेत त्याने तीस-चाळीस वर्षे काम केले. माझ्या मते आमच्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. आमच्या लेखकाने टॉल्किनच्या कथेतले भरलेले भाग उचलले होते. रिकामी जागा एकही शोधली नव्हती.

घराजवळचा पुरावा

हे सगळे परदेशातले झाले. पण आम्ही जेथे बसलो होतो तेथून पदमपूर फार दूर नाही. संस्कृत नाटककार भवभूतीने आपले गाव म्हणून सांगितलेले विदर्भातील पद्मपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. त्याच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकात स्मशान आहे, भुतांना महामांस, म्हणजे माणसाचे मांस, विकायला निघालेला नायक आहे, चामुंडेच्या देवळात बळी देऊ पाहणारा कापालिक आहे. अद्भुताची आवड आमच्या तालुक्याला आजची नाही.

नवव्या अंकात मालती नाहीशी झालेली आहे आणि वेडापिसा माधव विंध्यातील रानात भटकतो आहे. तेवढ्यात त्याला ढग दिसतो आणि तो ढगाला निरोप सांगू लागतो. वृत्त मंदाक्रांता. कालिदासाचे ‘मेघदूत’ आठवल्यावाचून हा श्लोक वाचताच येत नाही, आणि भवभूतीला ते आठवावे असेच वाटते आहे, कारण वृत्तसुद्धा त्याने बदललेले नाही. पण यक्षाला ठाऊक आहे की त्याची प्रिया अलकेत आहे. रामगिरीपासून, म्हणजे परंपरेने ज्याला आपण रामटेक मानतो तेथून, नद्या, नगरे, डोंगर सांगत तो ढगाला संपूर्ण वाट आखून देतो. ‘मेघदूता’चा पूर्वार्ध म्हणजे एक नकाशाच आहे. माधवाला मालती कोठे आहे हेच माहीत नाही. म्हणून तो एवढेच म्हणतो की जगात मनास येईल तसा फिरताना दैवयोगाने ती दिसलीच, तर आधी तिला धीर दे, मग माझी अवस्था सांग, आणि सांगताना तिचा आशातंतू तोडू नकोस. ढग तोच, वृत्त तेच, विरह तोच, पण वाट काढून घेतलेली. ज्याच्याकडून घेतले त्याच्या काव्याचा कणाच भवभूतीने काढून टाकला, आणि त्या जागी जे उरले ते माधवाचे स्वतःचे दुःख आहे.

हा श्लोक मी फळ्यावर लिहिला तेव्हा तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि मग पहिली वही उघडून त्याने पुठ्ठ्यावरचा नकाशा माझ्यापुढे ठेवला. काही बोलला नाही.

मराठीत आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दसुद्धा बाणभट्टाच्या, शापांनी आणि पुनर्जन्मांनी भरलेल्या कथेवरून आला. तिचे कथाबीज बृहत्कथेच्या परंपरेतील सुमनस राजाच्या गोष्टीत आहे, आणि बाणाच्या मृत्यूने अपुरी राहिलेली ती कथा मुलाने पुरी केली. या प्रकाराचे नावच असे वारशाने आलेले आहे. टेरी ब्रुक्स या अमेरिकन लेखकाच्या १९७७ सालच्या ‘शॅनारा’ कादंबरीची ओळखही मी त्याला करून दिली. टॉल्किनची उघड नक्कल म्हणून तिच्यावर टीका झाली आणि तरीही ती अमाप खपली. तेव्हा नक्कल केली की लेखक बुडतो, असले खोटे भय मला त्याला घालायचे नव्हते. प्रश्न त्याला स्वतःला काय लिहायचे आहे हा होता.

तिसरा खर्डा

मी त्याला दोनच कामे सांगितली. पहिले असे की घरच्या प्रत्येक बांधीचे नाव लिहून आणायचे. टॉल्किनने आपल्या एल्फांच्या भाषा फिनिश आणि वेल्श यांच्या ध्वनींच्या प्रेमातून घडवल्या. जग त्या भाषांमागून आले. एल्दोरिन हे नाव त्या ध्वनींचा दुरून ऐकू आलेला प्रतिध्वनी होते. याच्या कानात लहानपणापासून जी नावे आहेत ती त्याने कधी कागदावर उतरवली नव्हती. पुढच्या रविवारी तो यादी घेऊन आला : मोहाची, तुटक्या पाळीची, मसनवटीची, आजीच्या रुसव्याची, अशी एकूण एकोणीस. शेवटच्या दोन नावांची बांधी आता कोणाकडेच नव्हती. ती कोठे आहे असे विचारल्यावर म्हणाला, “तराच्या पान्यात गेली.” म्हणजे तलावाच्या पाण्यात.

दुसरे काम, लहानपणी ऐकलेल्या एखाद्या गोष्टीतली रिकामी जागा शोधण्याचे होते. त्याची आजी नवेगाव बांधकडची. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे, आणि सभोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पूर्व विदर्भातल्या आमच्या चार जिल्ह्यांत असे हजारो माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावच्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले, तलाव आहेत आणि आमचा धान त्यांच्यावर उभा आहे, म्हणून तलाव बांधणाऱ्याची थोरवी सगळ्या गोष्टींत असते. यादीतील शेवटच्या दोन नावांवरून त्याला प्रश्न सुचला तो असा, की तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा त्याच्या पोटात कोणाची शेते गेली? हा प्रश्न आजीच्या गोष्टीत नव्हता.

तिसऱ्या खर्ड्यात शापित कडे नाही, काळा सम्राट नाही, नकाशा नाही. एका काल्पनिक राज्यातील तलावाची पाळ दरवर्षी फुटते. बुडालेल्या शेतांच्या वारसांपैकी एक मुलगी उरली आहे, आणि पाण्याखालच्या बांध्यांची नावे रोवणीच्या क्रमाने म्हटली तर पाणी तेवढ्यापुरते बाजूला होते. पण सगळी नावे कोणालाच आठवत नाहीत. एकेक नाव एकेका म्हाताऱ्या माणसाकडे उरले आहे. सारसाची जोडी येथेही आहे. ती कोणाला उचलून नेत नाही. ज्या वर्षी ती पाळीजवळ घरटे करीत नाही त्या वर्षी पाळ फुटणार असे लोक समजतात, आणि एका प्रकरणात नर पंख पसरून त्या मुलीची वाट अडवतो. ते वर्णन मी तीनदा वाचले.

खर्डा पुरा झाल्यावर मी त्याला अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनचे १९६८ सालचे ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ दिले. वस्तूचे खरे नाव जाणणे हीच तेथली जादू आहे. ते वाचून तो हादरला. पुन्हा कोणी तरी ‘रूपांतर’ म्हणेल असे त्याला वाटले. मी हे पुस्तक मुद्दाम मागे ठेवले होते, कारण स्वतः ले ग्विनने लिहिले आहे की टॉल्किन आपल्या हाती वयाने वाढल्यावर आला हे बरेच झाले, लहानपणी आला असता तर आपण त्याच्या ओझ्याखाली दबलो असतो. तिच्यावर लहान वयात लॉर्ड डन्सनी या अद्भुतकथाकाराचा प्रभाव पडला होता, आणि त्याची शैली नवोदितांना कशी गिळते हे तिने १९७३ च्या एका निबंधात सांगितले आहे. नावात सामर्थ्य असते ही समजूत तिच्याही फार आधीची आहे. आपल्याकडे नामस्मरण करणाऱ्या कोणालाही ती नव्याने शिकवावी लागत नाही. तिच्या जादूगाराला नाव विद्येने कळते. याच्या मुलीला ते दारोदार जाऊन मागून आणावे लागते. एवढे अंतर मला पुरेसे वाटते. त्याला ते पटायला महिना लागला.

मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, आटोपल्यावर आम्ही हा खर्डा ग्रंथालयात संध्याकाळी मोठ्याने वाचला. बारा रात्री लागल्या. पंधरा-वीस माणसे येत. बहुतेकांनी टॉल्किनचे नावही ऐकलेले नव्हते. एका रात्री ती मुलगी डोंग्यातून वाकून पाण्यात पाहते आणि खाली लोंबीवर आलेला धान उभा दिसतो, बायका रांगेने पऱ्हे लावताना दिसतात, आणि पाण्यावर बारीक दिवे हलत असतात, असे पान आले. दहावीत शिकणारी एक मुलगी पटकन म्हणाली, “हे त्या मेलेल्यांच्या दलदलीतून आलं ना, दादा?” तिने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचले होते. सगळे लेखकाकडे पाहू लागले. तो म्हणाला, “हो, तिथूनच आलं.”

टॉल्किनच्या कथेतील त्या दलदलीत पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात आणि वर दिवे हलत असतात. तिची कुळकथा मी त्याला पूर्वी सांगितली होती. १९६० सालच्या एका पत्रात टॉल्किनने म्हटले आहे की तिच्यावर पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण आहे, पण त्याहून अधिक ऋण विल्यम मॉरिसच्या कादंबऱ्यांचे आहे. टॉल्किन त्या लढाईत स्वतः होता. तरी त्याने मॉरिसचे ऋण अधिक मानले, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी लेखकाने ते पान पुन्हा तपासले. पाण्यावरचे दिवे त्याने खोडले, कारण ते तेथे का आहेत हे त्याला सांगता येईना. धान आणि रोवणी करणाऱ्या बायका ठेवल्या. हस्तलिखित आता दुसऱ्या एका प्रकाशकाकडे गेले आहे. सोबतच्या पत्रात त्याने आपल्या आजीचे, भवभूतीचे आणि टॉल्किनचे ऋण सांगितले आहे, आणि डोंग्याच्या प्रसंगाचा पानक्रमांक आपल्या हाताने लिहून दिला आहे.